आम्लाची पाच मिनिटं, कातडीचे दोन महिने



या व्याख्यानमालेत संतसाहित्य, सहकार, पाणीप्रश्न अशा विषयांच्या पंगतीत चेहऱ्याची साल काढण्याचा विषय बसलेला पाहून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. जाऊ देत. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर या गावातल्या पोरांना रसायनशास्त्र शिकवलं. आम्ल कसं ओळखायचं ते त्यांनी लिटमसच्या कागदावर दाखवलं. आता तीच आम्लं छोट्या बाटलीत भरून घरपोच येतात आणि विकत घेणारी मुलगी ती थेट गालावर लावते. गुरुजी असते तर त्यांनी आधी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं असतं. आज आपण तेवढंच करणार आहोत, जरा सविस्तर.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या साल काढण्यात, म्हणजे केमिकल पीलमध्ये, आम्ल चेहऱ्यावर असतं ते काही मिनिटं. त्या मिनिटांची जबाबदारी डॉक्टरची. पण निकाल लागतो तो आधीच्या महिन्यात आणि नंतरच्या महिन्यात, आणि ते सगळे दिवस तुम्ही तुमच्या घरी, तुमच्या आरशासमोर, तुमच्या स्कूटरवर घालवता. आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या कातडीच्या माणसांना हे दुपटीने लागू आहे. पील बिघडलेले जे चेहरे ओपीडीत माझ्यासमोर येऊन बसले, त्यांतल्या बहुतेकांचं नुकसान ऊन, नखं आणि घाई या तिघांनी मिळून केलं होतं. आम्लाकडून झालेलं नुकसान त्या मानाने थोडं.

कातडीचा सगळ्यात वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, चेहऱ्यावर मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका जाड असतो. त्याच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकताना चपट्या होत जातात, मरतात आणि शेवटी आपल्या नकळत गळून पडतात. तरुणपणी या प्रवासाला साधारण २८ दिवस लागतात. वय वाढलं की तो रेंगाळतो. मेलेल्या पेशी वेळेवर सुटल्या नाहीत की चेहरा मळकट दिसतो, रंध्रं बुजतात, मुरुमांना आयतं घर मिळतं. पील दोन तऱ्हांनी काम करतं. ग्लायकोलिकसारखी सौम्य आम्लं या पेशींना धरून ठेवणारी बंधनं सैल करतात. ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, ज्याला आम्ही टीसीए म्हणतो, ते पेशींमधली प्रथिनं गोठवतं. पुढचं काम शरीर करतं. वरचा थर गेला म्हणून खालून नवा थर पाठवतं. मोजूनमापून केलेली असली तरी ही जखम आहे, आणि जखमेला जे पथ्य असतं तेच इथे आहे.

इतिहास थोडक्यात सांगते. आंबलेलं दूध चेहऱ्याला लावण्याची चाल फार जुनी, आणि आंबलेल्या दुधात लॅक्टिक आम्ल असतं हे शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० मध्ये दाखवलं. पण वैद्यकातलं पील सुरू झालं ते जर्मनीत. हॅम्बर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी १८८२ मध्ये सॅलिसिलिक आम्ल, रेसॉर्सिनॉल, फेनॉल आणि टीसीए यांचे कातडीवर होणारे परिणाम लिहून ठेवले. आज माझ्या कपाटात ज्या बाटल्या आहेत त्यांतल्या निम्म्यांची नावं त्या यादीत सापडतात. ग्लायकोलिकसारखी फळांतली आणि दुधातली आम्लं मात्र बरीच नंतर, १९७४ मध्ये, यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या जोडीने पुढे आणली. त्यांना कातडीवर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे धरणाऱ्या एका आजारावर इलाज हवा होता. सौंदर्याचा बाजार त्या संशोधनामागे नंतर लागला. आणि जाता जाता कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींसाठी: ग्लायकोलिक आम्ल उसाच्या रसात असतं हे खरं, जाहिरातीतही ऊस दाखवतात, पण बाटलीतलं आम्ल बहुतेक वेळा कारखान्यात रसायनांपासून तयार झालेलं असतं. रस प्यायचा असेल तर जरूर प्या, गालाला लावू नका.

आता आपल्या कातडीकडे येऊ, कारण खरी मेख इथेच आहे.

हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये कातडीचे प्रकार पाडले. ऊन लागलं की कातडी लाल होते की रापते, यावर ती वर्गवारी बेतलेली होती. सुरुवातीला ती गोऱ्या माणसांपुरतीच होती; तपकिरी आणि काळ्या कातडीसाठी पाचवा आणि सहावा प्रकार मागाहून जोडला गेला. आपल्याकडचे बहुसंख्य लोक चौथ्या आणि पाचव्या प्रकारात मोडतात. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या माणसात आणि आपल्यात जवळपास सारखीच असते. फरक आहे तो त्या पेशी किती रंग तयार करतात आणि तो आजूबाजूला कसा वाटतात यात. आपल्या पेशी या कामात तत्पर आहेत. ऊन आलं, रंग वाढव. मुरुम फुटला, तिथे डाग ठेव. डास चावला, खाजवलं, महिनाभर काळा ठिपका. उन्हापासून संरक्षण म्हणून ही तत्परता फार चांगली आहे; आपल्यात त्वचेचे कर्करोग गोऱ्या लोकांपेक्षा कितीतरी कमी होतात, त्याचं मोठं श्रेय तिला जातं. पण पीलच्या बाबतीत हीच तत्परता आडवी येते. आम्ल थोडं जास्त खोल गेलं, पापुद्रा वेळेआधी ओरबाडला गेला, किंवा नव्या कातडीवर ऊन पडलं, की कातडी त्या जागी काळा डाग टाकते. ज्या डागासाठी पील केलं त्याहून मोठा. रंग वरच्या थरात राहिला तर काही महिन्यांत उतरतो. खालच्या थरात झिरपला तर निळसर-करडी छटा येते आणि ती वर्षानुवर्षं मुक्काम करते.

युरोप-अमेरिकेतल्या चित्रफिती पाहून आपल्या चेहऱ्यावर तोच प्रयोग करू नये, त्याचं कारण हे. तिथल्या कातडीला सोसणारी खोली आपल्याला सोसेलच असं नाही. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये पीलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या म्हणूनच. त्यात पीलइतकाच भर आधीच्या तयारीवर आहे.

तर तयारी. पहिल्या भेटीत डॉक्टरने लगेच पील केलं तर मला ते खटकतं. पहिली भेट बोलण्यासाठी असावी. ओठांच्या कडेला पाण्याने भरलेले बारीक फोड, म्हणजे हर्पिस, पूर्वी कधी आला होता का? आला असेल तर पीलच्या आधीपासून त्यावरची गोळी सुरू करावी लागते, नाहीतर सोललेल्या चेहऱ्यावर तो विषाणू पसरतो. जखमेचे व्रण फुगून जाड होतात का? कान टोचला तिथे गाठ आली होती का? अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे का? असेल तर सॅलिसिलिक आम्ल बाद, कारण दोन्ही एकाच कुळातली. गरोदर आहात का? गरोदरपणात वांग येतं, अनेकींना बाळंतपणानंतर ते काही प्रमाणात फिकंही होतं; तोवर थांबणं शहाणपणाचं. सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? काही प्रतिजैविकं कातडीला उन्हाबद्दल हळवी करतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतलं होतं का? पूर्वी ही गोळी थांबवल्यावर सरसकट सहा महिने पील करायचं नाही असा दंडक होता. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी पुरावे तपासून सांगितलं की वरवरच्या पीलसाठी इतकं थांबायचं कारण नाही. खोल पीलसाठी सावधगिरी अजून आहेच. ही माहिती तुम्ही द्यायची. विचारल्याशिवाय डॉक्टरला ती कळत नाही, आणि काही डॉक्टर विचारत नाहीत हे मी कबूल करते.

एक प्रश्न असा आहे की ज्याचं उत्तर रुग्ण खरं देत नाहीत. 'चेहऱ्याला काय लावता?' 'काही नाही, साधी क्रीम.' त्या साध्या क्रीमची ट्यूब पिशवीतून बाहेर काढायला लावली की त्यात स्टिरॉइड निघतं. क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी डॉक्टरांनी १९७५ मध्ये वांगासाठी तीन औषधांचं मिश्रण सुचवलं, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड. डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडे आठवडे वापरायचं ते औषध आपल्याकडे मेडिकलच्या दुकानातून गोरं होण्याची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं विकलं गेलं. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, म्हणून शेजारीण शेजारणीला सांगते. मग कातडी पातळ होते, लालबुंद होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, हनुवटीवर केस येतात, आणि क्रीम थांबवली की चेहऱ्याची नुसती आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. विक्री थांबली असं मात्र मला माझ्या ओपीडीत दिसत नाही. अशा चेहऱ्यावर पील करणं म्हणजे उघड्या जखमेवर आम्ल ओतणं. आधी ती क्रीम सोडवावी लागते, त्यात काही महिने जातात, आणि पीलचा विषय त्यानंतर.

कातडी पीलसाठी योग्य आहे असं ठरलं, की दोन ते चार आठवड्यांची पूर्वतयारी. रात्री ट्रेटिनॉइन किंवा सौम्य ग्लायकोलिक, डाग असतील तर रंग कमी करणारं एखादं मलम, आणि दिवसा सनस्क्रीन. याने वरचा थर सगळीकडे सारखा पातळ होतो, त्यामुळे आम्ल एका जागी खोल आणि दुसऱ्या जागी उथळ असं जात नाही, आणि रंग करणाऱ्या पेशी आधीच थोड्या शांत होतात. याच काळात आणखी एक गोष्ट कळते, जी कुठल्याही तपासणीत कळत नाही: हा माणूस रोज सकाळी सनस्क्रीन लावतो का? तीन आठवडे जो लावू शकला नाही तो पीलनंतर लावेल यावर माझा विश्वास नाही. अशांना मी पील न करता परत पाठवते. ते रागावतात, पण त्यांचा चेहरा सुरक्षित राहतो.

पीलच्या आधीच्या आठवड्यात चेहऱ्याला हात कमी. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, फेशियल, स्क्रब, सगळं बंद. थ्रेडिंगच्या दोऱ्याने कातडीवर न दिसणाऱ्या खरचटी उठतात आणि आम्ल नेमकं तिथे शिरतं. पुरुषांनी आदल्या दिवशी घाईघाईत दाढी करू नये. ट्रेटिनॉइनही तीन ते सात दिवस आधी थांबवतात. आणि कानामागे किंवा जबड्याखाली छोटी चाचणी करून घ्यावी. 'एवढ्यासाठी आणखी एक फेरी?' म्हणून लोक ती टाळतात. दाणेबाजारात गव्हाचं पोतं घेताना हीच माणसं मूठभर गहू तळहातावर घेऊन चार वेळा चाळवतात, आणि चेहऱ्यासाठी त्यांना तेवढा वेळ नसतो.

लग्नाबद्दल स्वतंत्र बोललं पाहिजे. तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे नवऱ्या मुलींची रीघ लागते. हल्ली नवरदेवही येतात. आठ दिवसांवर साखरपुडा असतो आणि 'ग्लो' हवा असतो. आयुष्यातलं पहिलं पील लग्नाच्या महिन्यात कधीही करू नये. करायचंच असेल तर तीनचार महिने आधी सुरुवात करावी, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने बैठका घ्याव्यात आणि शेवटची बैठक लग्नाच्या किमान तीन आठवडे आधी संपवावी. हे सांगितल्यावर काही जणी दुसरीकडे जातात. जिथे जातात तिथलं आम्ल किती टक्के, पीएच किती, हे त्यांना कोणी सांगत नाही आणि त्याही विचारत नाहीत.

टक्क्यांबद्दल थोडं बोलायला हवं. बाटलीवर '७० टक्के' लिहिलं की माणूस घाबरतो, '१० टक्के' लिहिलं की निर्धास्त होतो. पण आम्लाचा जोर टक्क्यांइतकाच पीएचवर ठरतो. तेच ग्लायकोलिक पीएच ३.५ ला एक वागतं आणि पीएच १ ला दुसरं. घरी वापरायच्या उत्पादनांसाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळाने १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच किमान ३.५ ही मर्यादा सुचवली ती याचमुळे. रेणूचा आकारही महत्त्वाचा. ग्लायकोलिकचा रेणू फळांतल्या-दुधातल्या आम्लांच्या कुळात सगळ्यात लहान, म्हणून तो भराभर आत जातो. कडू बदामातून मिळालेल्या मँडेलिक आम्लाचा रेणू त्याच्या दुपटीएवढा, म्हणून तो सावकाश जातो, आणि सावळ्या कातडीला ही सावकाशी मानवते. मुरुमांचा चेहरा असेल तर सॅलिसिलिक, कारण ते तेलात विरघळतं आणि रंध्रांत उतरतं.

खुर्चीतल्या त्या पाच मिनिटांबद्दल फार सांगत नाही. चेहरा स्वच्छ करून तेल काढलं जातं, डोळ्यांच्या, नाकाच्या आणि ओठांच्या कडांना व्हॅसलीन लावलं जातं, आम्ल ब्रशने किंवा कापसाने लावतात, चुरचुरतं, समोर पंखा असतो. ग्लायकोलिक वेळ संपली की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने शांत करावं लागतं, नाहीतर ते खाली जात राहतं. सॅलिसिलिकचं काम आपोआप थांबतं आणि चेहऱ्यावर पांढरी पूड दिसते, ते त्याचेच स्फटिक. टीसीएने मात्र कातडीच पांढरी पडते, आणि ती किती पांढरी पडू द्यायची हे पाहणाऱ्याच्या नजरेवर असतं. त्या नजरेची फी तुम्ही देत असता.

आता पीलनंतर.

पहिल्या दिवशी चेहरा ताणल्यासारखा, थोडा लाल, उन्हात फिरून आल्यासारखा वाटतो. थंड पाण्याचे हबके मारा, मऊ पंचाने टिपून घ्या, पुसू नका. बर्फ थेट लावू नका, कापडात गुंडाळून क्षणभर टेकवलात तर चालेल. त्या दिवशी आणि पुढचे दोनतीन दिवस साबण नको, साबणविरहित सौम्य क्लीन्झर पुरतो. वर साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर जाडसर, दिवसातून चारपाच वेळा. व्हॅसलीनसुद्धा चालतं आणि महागड्या मलमाइतकंच काम करतं, फक्त मुरुमांच्या चेहऱ्यावर ते टाळतात.

दुसऱ्या दिवशी काहींचा फोन येतो, 'डॉक्टर, डाग आणखी काळे झाले!' होतात. रंग धरलेल्या मेलेल्या पेशी सुटण्याआधी सुकतात आणि गडद दिसतात. तिसऱ्या दिवसापासून पापुद्रे सुटायला लागतात, बहुधा आधी तोंडाभोवती, कारण तिथली कातडी बोलताना-खाताना सतत हलते, मग गाल, आणि कपाळ सगळ्यात शेवटी. वरवरच्या पीलमध्ये हे सगळं आठवड्याच्या आत आटोपतं. मध्यम खोलीच्या पीलला दहा दिवस आणि वर काही आठवडे लाली. काहींची साल निघतच नाही, फक्त कोंड्यासारखं होतं. पैसे वाया गेले असं समजून ते घरी आणखी काहीतरी लावतात. साल निघणं हा पील लागू पडल्याचा पुरावा नाही.

आणि नखं. अर्धवट सुटलेला पापुद्रा पाहून तो ओढायची इच्छा होते, ती आवरायची. खालची कातडी अजून तयार नसते. ओढला की ओल, ओलीवर खपली, खपलीखाली काळा डाग, आणि तो डाग पीलने गेलेल्या डागापेक्षा जास्त टिकतो. फारच लोंबत असेल तर कात्रीने कड कापा. नखं आखूड ठेवा. काही जण झोपेत खाजवतात, त्यांना मी रात्री सुती हातमोजे घालायला सांगते. हसू येतं, पण घालतात.

आठवडाभर वाफ नको, जिम नको, पोहणं नको. स्वयंपाकघरातल्या बायकांसाठी एक जादा सूचना: भाकरीच्या तव्यासमोर, फोडणीच्या धगीसमोर तोंड धरून उभं राहू नका. उष्णतेने वांग चिघळतं आणि पीलनंतरच्या कातडीला तर ती अजिबात सोसत नाही. आठवडाभर भाकऱ्या घरातल्या दुसऱ्या कुणी थापल्या तर काही बिघडत नाही; नवरोबांनाही थापता येतात. मेकअप आणि दाढी पापुद्रे संपल्यावर. ट्रेटिनॉइन, व्हिटॅमिन सी, घरची आम्लं हे सगळं कातडी पूर्ण शांत झाल्यावर, आणि तेही एकेक करून.

उन्हाबद्दल मी सगळ्यात जास्त बोलते, आणि आज वैशाखात बोलते आहे हे बरंच झालं. आम्लाने वरचा थर पातळ केला की कातडी उन्हाला अधिक हळवी होते. हे घरगुती सौम्य आम्लांनीही होतं, आणि ती थांबवल्यावर आठवडाभरात पूर्ववत होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ११ पासून पुढचं सगळं 'अत्यंत तीव्र'. म्हणून नाशिक-नगरकडच्या माणसाने एप्रिल-मे महिन्यांत मध्यम खोलीचं पील करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळा बरा, हिवाळा उत्तम. पावसाळ्यात ढग आहेत म्हणून सनस्क्रीन सोडू नका. पातळ ढगांतून हे किरण बऱ्यापैकी येतात. खिडकीच्या काचेतूनही त्यांतले लांब लहरींचे किरण आत येतात, म्हणजे एसटीत खिडकीची जागा पकडून बसलात तर एका गालावर ऊन आहेच.

सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चं, चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. बहुतेक लोक याच्या निम्मंही लावत नाहीत. दर दोनतीन तासांनी पुन्हा. वांगाच्या रुग्णांसाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन घ्यावं, कारण सावळ्या कातडीत साध्या प्रकाशानेही रंग वाढतो आणि पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. पीलनंतरचा पहिला दिवस मात्र त्वचा चुरचुरत असेल तर सनस्क्रीनपेक्षा घरात बसणं चांगलं. स्कूटरवर स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनी तो सुती, सैल आणि रोज धुतलेला बांधावा. घामट, घट्ट स्कार्फ दिवसभर गालावर घासला की तो सँडपेपरचं काम करतो.

काय झालं की डॉक्टरकडे धावायचं, हे तरी लक्षात ठेवा. पहिल्या दिवसानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेल्या, पिवळी खपली किंवा पू दिसला, पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस आले, ताप आला, किंवा एखादी जागा दोन आठवड्यांनंतरही गडद लाल आणि कडक राहिली. ही शेवटची जागा व्रणाकडे निघालेली असते आणि वेळेत गाठली तर ती परत फिरवता येते.

खोल पीलचा उल्लेख फक्त सावध करण्यासाठी. फेनॉल कातडीतून रक्तात जातं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. ते इस्पितळात, हृदयाची नोंद चालू ठेवून, चेहऱ्याचा एकेक भाग थांबून थांबून केलं जातं. आपल्या कातडीला तर ते जवळजवळ वर्ज्यच. २०२४ च्या जूनमध्ये ब्राझीलमधल्या साव पावलो शहरात डॉक्टर नसलेल्या व्यक्तीकडून फेनॉल पील करून घेतलेला एक तरुण मृत्युमुखी पडला आणि तिथल्या आरोग्य यंत्रणेने अशा उत्पादनांवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीव्र पीलच्या बाटल्या ऑनलाइन घेऊन घरी वापरू नका असा जाहीर इशारा दिला. त्या बाटल्या आपल्याकडेही येतात.

आणि पीलने माणूस गोरा होत नाही. डाग फिके होतात, मुरुम आटोक्यात येतात, कातडी जरा तुकतुकीत दिसते. आईबापांकडून आलेला रंग आहे तिथेच राहतो. आपल्या देशातल्या गोरं होण्याच्या सगळ्यात खपाच्या क्रीमने २०२० मध्ये स्वतःच्या नावातून 'फेअर' काढून टाकलं. लग्नाच्या जाहिरातींतून ते अजून गेलेलं नाही. गोरं व्हायला म्हणून जो येतो त्याला मी पील सुचवत नाही, कारण त्याला हवं ते माझ्याकडे नाही आणि तो समाधानीही होणार नाही.

तुमच्याकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत. एका गृहस्थांनी विचारलंय की आमच्या घरी चेहऱ्याला लिंबू चोळतात, ते पीलच नाही का? आहे, आणि वाईट आहे. लिंबाचा पीएच दोनच्या आसपास, मात्रा मोजलेली नाही, आणि वर त्याच्या रसातली काही द्रव्यं उन्हात कातडी भाजतात. लिंबू चोळून अंगणात गेलेल्या मुलांच्या हातांवर ओघळांच्या आकाराचे काळे पट्टे मी पाहिले आहेत.

दुसरी चिठ्ठी एका आईची. मुलीचं लग्न आहे, पील चालू आहे, हळद लावायची की नाही? लावा. शेवटच्या पीलनंतर तीन आठवडे झाले आहेत याची खात्री करा, हळदीत लिंबू, बेसन किंवा बाजारचं सुगंधी उटणं मिसळू नका, नुसती हळद आणि थोडं तेल, आणि आदल्या दिवशी मनगटावर लावून पाहा, काहींना हळदीनेही पुरळ येतं. करवल्यांना मात्र आधीच बजावून ठेवा: गालाला बोट टेकवायचं, घासायचं नाही. हौस भागवायला हात, पाय आणि पाठ आहेच.